ठळक नाव, बारीक नाव

प्रश्न : एका जगप्रसिद्ध थरारकथालेखकाची जुनी पुस्तकं मी झपाटल्यासारखी वाचली आहेत. यंदा त्यांच्या नावाची तीन नवी पुस्तकं घेतली आणि तिन्ही शंभराव्या पानाच्या आत सोडून दिली. मग लक्षात आलं, मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत दुसरंच एक नाव आहे. ही फसवणूक नाही का? घेण्याआधी कसं ओळखायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. दुसरं नाव छापलेलं असतं, त्यामुळे कायद्यानं फसवणूक म्हणणं अवघड. पण एक नाव दुकानाच्या दारातून वाचता येईल एवढं मोठं आणि ज्यानं वाक्यं लिहिली त्याचं नाव चष्मा लावून शोधावं लागेल एवढं लहान, ही मांडणी मुद्दाम केलेली असते.

पुस्तक हातात घेतल्यावर दोन नावांच्या मधला शब्द बघा. ‘अँड’ किंवा ‘विथ’ असेल तर बहुतेक वेळा पहिला खर्डा दुसऱ्या माणसाचा असतो. प्रसिद्ध नाव षष्ठीत, म्हणजे ‘अमक्याचं’ असं शीर्षकाला चिकटलेलं असेल, तर ते नाव मालिकेचं आहे, लिहिणाऱ्याचं नव्हे. ‘क्रिएटेड बाय’ दिसलं तर लेखक आणखी आत शोधा. थरारकथालेखक टॉम क्लॅन्सी आणि स्टीव्ह पिचेनिक यांची निर्मिती म्हणून १९९५ पासून आलेली ‘ऑप-सेंटर’ मालिका जेफ रोव्हिन यांनी लिहिली. सुरुवातीच्या पुस्तकांत त्यांचं नाव मुखपृष्ठावर नव्हतं, आत आभारात होतं. म्हणून आभाराचं पान आधी वाचावं.

मग शीर्षकपानाच्या पाठीमागचं पान. आपल्याकडे येणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत ब्रिटिश आवृत्त्या पुष्कळ. त्यांत ‘१९८८ च्या कायद्यानुसार अमुक यांनी लेखक म्हणून ओळखले जाण्याचा हक्क बजावला आहे’ अशा अर्थाची ओळ असते. तिथे किती नावं आहेत ते मोजा. प्रथम प्रकाशनाचं सालही तिथेच मिळतं. ते लेखकाच्या निधनाच्या सालाशी ताडून बघा. थरारकथालेखक रॉबर्ट लडलम २००१ मध्ये गेले आणि त्यांच्या जेसन बोर्न या नायकाच्या कादंबऱ्या २००४ पासून एरिक व्हॅन लस्टबेडर लिहू लागले. क्लॅन्सी २०१३ मध्ये गेले, तरी त्यांच्या नावाची पुस्तकं येतच आहेत.

शेवटी मजकूर. पहिलं प्रकरण बघू नका, ते सगळ्यांत घासूनपुसून लिहिलेलं असतं. मधली तीन प्रकरणं उघडा आणि प्रत्येकाची शेवटची चार व पुढच्याची पहिली चार वाक्यं वाचा. दरवेळी दार उघडतं, फोन वाजतो किंवा गोळी सुटते, आणि पुढचं प्रकरण तोच क्षण वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतं, असं असेल तर पुस्तक ठेवून द्या. ऑनलाइन घेताना हीच परीक्षा नमुनापानांवर करा, पण तिथे बहुधा सुरुवातच दाखवतात, म्हणून निदान पाचव्या-सहाव्या प्रकरणापर्यंत जा. पानसंख्येलाही भुलू नका. ४०० पानांत ११० प्रकरणं असली आणि प्रत्येकाच्या शेवटी सरासरी अर्धं व सुरुवातीला पाव पान कोरं सुटलं, तर ८० च्या वर पानं कोऱ्या कागदाचीच झाली.

प्रश्न : दोघांनी मिळून लिहिलं की पुस्तक बिघडतंच का? नेमकं कुठे बिनसतं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बिघडतंच असं अजिबात नाही. स्वीडनच्या मै श्योवाल आणि पेर वालो या जोडीनं १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघं प्रकरणं आलटून-पालटून लिहीत, तरी सांधा दिसत नाही. रहस्यकथांवरच्या ‘एलरी क्वीन’ या टोपणनावामागेही दोघं होते. फ्रेडरिक डॅने कथानक रचायचे, मॅनफ्रेड ली ते लिहायचे. त्यावरून पत्रांतून कडाक्याची भांडणं व्हायची, आणि कथानकाचा कस त्याच भांडणात लागायचा. पुढे १९६० च्या दशकात ते नाव दुसऱ्यांनी लिहिलेल्या पेपरबॅक कादंबऱ्यांवरही छापलं गेलं. त्या पुस्तकांना क्वीनची आठवण म्हणून हात लावू नये.

आजची पद्धत अमेरिकी थरारकथालेखक जेम्स पॅटरसन स्वतः उघडपणे सांगतात. प्रकरणवार सविस्तर आराखडा त्यांचा, त्यावरून पहिलं लेखन सहलेखकाचं, मग त्यांचे फेरबदल. अश्विन सांघी यांच्याबरोबरची, मुंबईत घडणारी आणि संतोष वाघ नायक असलेली ‘प्रायव्हेट इंडिया’ २०१४ मध्ये आली. दोष आराखड्याचा नाही, दोष घाईचा. आराखड्यात घटना असतात, माणसं नसतात. माणसं लिहिता लिहिता उभी राहतात आणि कधी कधी ठरलेला शेवट नाकारतात. एकटा लेखक तेव्हा मागे जाऊन पन्नास पानं बदलतो. पुढच्या पुस्तकाची तारीख डोक्यावर असलेल्या सहलेखकाला ते परवडत नाही, मग पात्राला ओढून-ताणून शेवटापर्यंत नेलं जातं. दुसरी खोट धाग्यादोऱ्यांची. खुनी कोण याचा दुवा पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात वाचकासमोर यायला हवा. फेरबदलांत खुनी बदलला आणि मागचा दुवा तसाच राहिला, की शेवटी उलगडा होतो पण पटत नाही.

तुम्हाला पॅटरसन आवडत असतील तर १९९३ पासूनची त्यांच्या ॲलेक्स क्रॉस या नायकाची सुरुवातीची पुस्तकं घ्या, ती त्यांनी एकट्यानं लिहिली आहेत.

प्रश्न : मग भरमसाट लिहिणं हाच दोष मानायचा का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या भराभर लिहिल्या होत्या आणि काही सैलही आहेत, पण त्यांचा नायक झुंझार किंवा काळापहाड बोलू लागला की आवाज अर्नाळकरांचाच. वाचक त्या आवाजासाठी पैसे मोजत होता आणि त्याला तो मिळत होता.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात ही पुस्तकं लेखकवार कशी लावावीत? सभासद मोठ्या नावानेच मागतात.
– एक ग्रंथपाल, चिपळूण

उत्तर : दाखल नोंदवहीत शीर्षकपानावरची सगळी नावं त्याच क्रमानं लिहा. मुखपृष्ठावरून लिहू नका, तिथलं नाव कधी कधी नुसती मालिकेची खूण असते. दोन-तीन सहलेखक असतील तर मुख्य नोंद पहिल्या नावावर आणि बाकीच्यांच्या जोडनोंदी. प्रसिद्ध नाव फक्त ‘निर्मिती’ म्हणून असेल तर मुख्य नोंद प्रत्यक्ष लिहिणाऱ्याच्या नावावर आणि प्रसिद्ध नावाची जोडनोंद, म्हणजे मागणाऱ्याला पुस्तक सापडेल. मराठी अनुवाद असेल तर मूळ लेखकांची दोन्ही नावं आणि अनुवादकाचं नाव, तिन्ही नोंदवा. पुस्तकाच्या आतल्या देवघेव चिठ्ठीवर ‘सहलेखक : अमुक’ एवढं पेनानं लिहून ठेवा. त्याच सहलेखकाचं स्वतंत्र पुस्तक वाचनालयात असेल तर त्याचा दाखल क्रमांकही तिथेच लिहा. त्यांतली काही स्वतंत्र पुस्तकं जोडपुस्तकापेक्षा कितीतरी सरस निघतात, आणि सभासदाला ती शोधून देणारं दुसरं कुणी नसतं.