किरणोपचारांसोबत सिस्प्लॅटिन दर आठवड्याला घ्यावे की तीन आठवड्यांनी?

आपल्या काकांची गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून, गडचिरोलीहून नागपुरात राहून किरणोपचार घेताना सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध तीन आठवड्यांऐवजी दर आठवड्याला घेतल्यास कमी प्रभावी ठरेल का, असे आपण विचारले आहे. उत्तर मात्रेवर अवलंबून आहे. टाटा मेमोरियलच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे आठवड्याला ३० मिलिग्रॅम आणि तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम यांची तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनी तोंड व मानेतील रोग आटोक्यात असण्याचे प्रमाण अनुक्रमे ५८.५ आणि ७३.१ टक्के आढळले, मात्र मोठ्या मात्रेचे गंभीर दुष्परिणामही जास्त होते. पुढे २०२२ च्या जपानी चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर रोग परतण्याचा धोका अधिक असलेल्या रुग्णांमध्ये आठवडी ४० मिलिग्रॅम हे तीन आठवड्यांच्या १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रभावी ठरले नाही. म्हणून डॉक्टरांना आधी मात्रा किती, हे विचारावे. सर्व मात्रांची एकूण बेरीज दर चौरस मीटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास जावी, असा प्रयत्न असतो.

किरणोपचार सोमवार ते शुक्रवार असतातच, त्यामुळे आठवडी पद्धतीने फेऱ्या वाढत नाहीत, आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांवरील ताण दाखवणारा घटक) वाढले तर एखादीच छोटी मात्रा पुढे ढकलता येते. विदर्भाच्या मे महिन्यात उलट्या आणि उन्हामुळे शरीरातील पाणी घटून मूत्रपिंडांवर ताण येतो, ही बाब मला वजनदार वाटते. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) मात्र पूर्ण बंद हवा. गाठीच्या कडेला रोग उरला नसेल आणि लसिकाग्रंथीच्या (लिम्फ नोड) आवरणाबाहेर तो पसरला नसेल, तर बहुधा सिस्प्लॅटिनची गरजच नसते. शस्त्रक्रियेनंतरचा तपासणी अहवाल त्यासाठी दाखवावा.