खिडकीशी आलेली झोप

प्रश्न : माझी मुलगी युक्रेनमध्ये विन्नित्सियाला डॉक्टरी शिकत होती. युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये परतली. आता तिला सहा महिन्यांची लेक आहे. बाळाला निजवताना ती तिथलंच एक गाणं म्हणते, ‘ओय खोदित सोन कोलो विकोन’. अर्थ विचारला तर म्हणाली, ‘झोप खिडकीपाशी फिरते आहे.’ तिन्हीसांजेनंतर खिडकीबाहेर कुणीतरी फिरतंय, असं तान्ह्या बाळापुढं म्हणावं का? मनाला लागून राहिलंय.
– एक आजी, सातारा

उत्तर : ताई, खुशाल म्हणू द्या. मीही त्याच शहरात सहा वर्षं शिकले. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते मैत्रिणीच्या गावी, तिच्या बाबुस्याकडून, म्हणजे आजीकडून. डिसेंबर होता, चारलाच अंधारून आलं होतं. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी धरलेली, आणि बाबुस्या एका पायानं पाळणा हलवत बटाटे सोलत होती. सुरीचा आवाज आणि गाणं एकाच लयीत चाललं होतं.

त्या थंडीत बसल्यावर मला अर्थ कळला. गाण्यात दोघं जण आहेत. ‘सोन’ म्हणजे झोप, आणि त्यांच्या भाषेत झोप पुरुष आहे. ‘द्रिमोता’ म्हणजे पेंग, ती बाई. तो खिडकीपाशी आहे, ती काटक्यांच्या कुंपणापाशी. तो तिला विचारतो, ‘आज मुक्काम कुठं करायचा?’ ती म्हणते, ‘जिथं घरकुल उबदार आहे, जिथं बाळ इवलंसं आहे, तिथं जाऊ आणि त्याला झोके देऊ.’ म्हणजे बाहेर फिरणारं ते काही भूतबित नाही. पाठ टेकायला जागा शोधणारं दमलेलं जोडपं आहे, आणि त्यांना तुमच्या नातीचंच घर पसंत पडलंय. आपण बाळाला निजवण्यासाठी बागुलबुवा बोलावतो. इथं झोप स्वतःच ऊब शोधत दाराशी येते. मला हे फार मोलाचं वाटतं.

‘घरकुल’ मी मुद्दाम लिहिलं. मूळ शब्द ‘खातोन्का’ आहे. ‘खाता’ म्हणजे घर, त्याला लाडानं ‘खातोन्का’. उबदारपणालाही तसंच लाडाचं रूप दिलंय, ‘तेप्लेसेन्का’. लेकीला हे दोन शब्द सावकाश म्हणायला सांगा आणि ऐका. अर्थ नाही कळला तरी त्यातली माया कळेल.

आणखी एक सांगते. ‘सोन’ आणि आपलं ‘स्वप्न’ एकाच मुळातले शब्द आहेत. तिथं ‘सोन’चा अर्थ झोपही होतो आणि स्वप्नही. ‘द्रिमोता’तला ‘द्रि’ आणि ‘निद्रा’तला ‘द्रा’ हेही मुळात एकच. भाषाशास्त्राच्या पुस्तकात हे वाचलं त्या रात्री मी बाबुस्याची आठवण काढून रडले होते.

पुढच्या कडव्यात मांजर येतं. मांजर घुरघुरेल आणि बाळ झोपेल, एवढंच. तिकडं बाळाला पहिल्यांदा पाळण्यात ठेवण्याआधी मांजर ठेवायची जुनी रीत आहे, बाळाला त्याच्यासारखी गाढ झोप लागावी म्हणून.

अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘समरटाइम’ या ऑपेरातल्या गाण्याची चाल यावरून आली, असंही तुम्हाला कुणी सांगेल. ऑलेक्सांद्र कोशित्स यांच्या युक्रेनी गायकवृंदानं ऑक्टोबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला होता हे खरं आहे, आणि गर्श्विन यांचा ऑपेरा १९३५ सालचा. पण त्यांनी चाल इथूनच उचलली याला पुरावा नाही.

तुम्हाला स्वतःला म्हणायचं असेल तर पहिल्या दोनच ओळी पाठ करा : ‘ओय खोदित सोन कोलो विकोन, आ द्रिमोता कोलो प्लोता.’ बाकीचं आठवलं नाही की बाबुस्या ‘ल्युली-ल्युली’ म्हणायची. तुम्ही आपलं ‘जो जो’ म्हणा.