वाचकांचे प्रश्न : घासलेले चिंचोके आणि वीस बोंडं

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत बसतात. हातच्याची बेरीज खेळातून घेते. पोरं रंगतात, पण पाटीवर 27 + 15 दिलं की 312 लिहितात. असं का?
— शिक्षिका, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, सात नि पाच बारा त्या पोराला येतात. बारातले दहा उचलून शेजारच्या घरात न्यायचे, हे मात्र त्याच्या हातानं कधी झालेलं नसतं. पळापळीच्या खेळात ते होतही नाही. खेळातली चाल हीच हातच्याची कृती हवी.

नऊ चिंचोके घ्या. प्रत्येकाची एक बाजू खरबरीत दगडावर पांढरी दिसेपर्यंत घासा. (भिजवू नका, साल सुटते आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात.) फेकल्यावर जितके पांढरे, तितक्या खराट्याच्या काड्या घ्यायच्या. हाती दहा झाल्या की लगेच रबर लावून जुडी. आधी पाच जुड्या बांधेल तो जिंकला. दोघांना 110 काड्या पुरतात, प्रत्येकी दहा-बारा फेकींत डाव संपतो.

बिघडतं ते इथं : पोरं काड्या साठवतात आणि शेवटी एकदम मोजून बांधतात. मग दहा भरल्याचं कळतच नाही. सुट्या काड्या नऊच्या वर दिसल्या की पुढची फेक गेली, असा नियम करा. लक्ष ठेवणं समोरच्या पोराकडे. प्रत्येक फेकीनंतर जुड्या आणि सुट्या काड्या पाटीवर दोन घरांत लिहून घ्या. हे वगळलं म्हणूनच खेळ पाटीपर्यंत पोचत नाही.

दोन दिवसांनी उलटा डाव : पाच जुड्या घेऊन बसायचं आणि काड्या परत द्यायच्या. जुडी सोडल्याशिवाय देता येत नाहीत, तिथं वजाबाकी उमगते.

प्रश्न : कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर सभा घेतली की अर्धी माणसं उठून जातात. गोष्ट सांगून पाहिली, तरी तेच.
— कृषिसखी, आर्वी तालुका

उत्तर : गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. आपल्या मुलखाला ती रीत ओळखीची आहे, तीच धरा.

आदल्या दिवशी सांगून ठेवा : ज्यानं त्यानं आपल्याच वावरातून मध्यम आकाराची 20 हिरवी बोंडं आणायची, नागमोडी चालत, एका झाडाचं एकच. तुम्ही नेलीत तर लोक म्हणतील, निवडून किडकीच आणली. फोडण्याआधी विचारा, "बोला, यात अळी असन का नसन?" हात वर करू द्या, मगच फोडा. अळी आत शिरल्यावर छिद्र बुजतं, वरून बोंड चांगलं दिसतं. त्यामुळे अंदाज हमखास चुकतो आणि माणूस पुढचं बोंड पाहायला थांबतो. विसात दोन बोंडांत जिवंत अळी निघाली म्हणजे 10 टक्के, उपाय करायची वेळ आली.

गोष्ट यानंतर सांगा, छोटी : अळी किडक्या बोंडांत झोपते, ती बोंडं पराटीसोबत (कपाशीच्या वाळल्या झाडांसोबत) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर रचली जातात, अळीचं पाखरू तिथूनच निघतं. इथं थांबून विचारा, "आता हे कुठं जाईन?" फरदड ठेवलेल्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवलेल्या वावराचं नाव समोरूनच येईल.

सभा उजेडात घ्या. लहान अळी पांढरट असते, गुलाबी रंग नंतर येतो. मिणमिणत्या बल्बखाली ती दिसत नाही आणि किडकं बोंड चांगल्यात मोजलं जातं.