अकरा जणांचे तंजावर

प्रश्न : आम्ही दोघी बहिणींची कुटुंबे आणि माझ्या महाविद्यालयातील दोन मैत्रिणी, असे अकरा जण जानेवारीत तमिळनाडूला जाण्याचे ठरवत आहोत. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात, भाचा आठ वर्षांचा आहे आणि मैत्रिणींपैकी एक भरतनाट्यम शिकलेली आहे. एका प्रवासी कंपनीने मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि तंजावर असा पाच दिवसांचा कार्यक्रम दिला आहे व त्यात तंजावरला तीन तास आहेत. मला तेथे अधिक राहावेसे वाटते, पण एका देवळासाठी दोन दिवस कशाला, असे घरच्यांचे म्हणणे आहे. काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मनात आले आहे तेच करावे. तीन तासांत बृहदीश्वराच्या आवारात छायाचित्रे काढून होतात, घाईने दर्शन होते आणि गाडीचा भोंगा वाजतो; माझा पहिला प्रवास असाच झाला आणि त्यानंतर पुन्हा जाईपर्यंत ती चुटपुट गेली नाही. रामेश्वर व कन्याकुमारी या खेपेस सोडून द्यावीत, तंजावरला दोन रात्री आणि कुंभकोणमला एक रात्र राहावे, आणि अकरा जणांनी सतत बरोबरच असले पाहिजे हा आग्रह मुळीच धरू नये.

बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळ पहिला याने बांधले व ते १०१० मध्ये पूर्ण झाले. गाभाऱ्यावरचे शिखर, ज्याला तेथे विमान म्हणतात, सुमारे ६६ मीटर उंच आहे. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे वाटाडे हमखास सांगतात. ते खरे नाही. सावली पडते, आणि ती शोधून काढण्याचे काम भाच्याकडे सोपवावे, म्हणजे तो त्या शिखराभोवती आपणहून फिरेल. देऊळ दुपारी काही तास बंद असते आणि उन्हात तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी चालणे वयस्कर माणसांना सोसत नाही, म्हणून सकाळी लवकर जावे, दुपारी मुक्कामावर विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी पुन्हा जावे. सासूबाईंसाठी जाड पायमोजे जवळ ठेवावेत. संध्याकाळी गावातली कुटुंबे मुलाबाळांसह त्या आवारात येऊन निवांत बसतात. आपणही तसेच बसावे.

आपल्या नृत्य जाणणाऱ्या मैत्रिणीला जोत्यावरचे कोरीव लेख आवर्जून दाखवावेत. राजराजाने या देवळाच्या सेवेसाठी नेमलेल्या चारशे नर्तकींची नावे तेथे दगडात कोरलेली आहेत, आणि ती नुसती नावे नाहीत, तर ती स्त्री मूळ कोणत्या गावच्या देवळातून आली आणि तिला कोणत्या गल्लीत, कोणत्या रांगेतले कितवे घर दिले, हेही त्यात आहे. तमिळ वाचता येत नसले तरी हजार वर्षांपूर्वीच्या नर्तकीचा घरचा पत्ता आपल्या बोटाच्या अंतरावर आहे, एवढे कळल्यावर त्या अक्षरांवरून नजर हलत नाही. वरच्या मजल्यावर नृत्यातील १०८ करणांपैकी, म्हणजे हातापायांच्या ठरावीक एकत्रित हालचालींपैकी, ८१ करणे शिल्पांत कोरलेली आहेत व उरलेल्या जागा कोऱ्याच राहिल्या आहेत. तो मजला सर्वांसाठी खुला नसतो. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आज रूढ असलेला क्रम ज्या चार भावांनी घडवला, ते पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू तंजावरच्या मराठा दरबारातलेच होते, हेही तिला सांगावे.

मराठ्यांचा संबंध म्हणाल, तर तो याच आवारात भेटतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये कंपनी सरकारने ते राज्य खालसा करेपर्यंत भोसल्यांचे घराणे तेथे नांदले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास प्रदक्षिणेच्या ओवऱ्यांमध्ये, नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर, मराठीत आणि देवनागरी अक्षरांत कोरून घेतला. हा अतिशय मोठा लेख आहे आणि बहुतेक मराठी प्रवासी त्याच्या जवळूनच निघून जातात. माझ्या आईने तेथे जमिनीवर बसकण मारली आणि शब्द सुटे करत, अडखळत, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ओळखीची नावे लागू लागली तसा तिचा आवाज वाढत गेला आणि शेजारी बसलेले एक तमिळ कुटुंब, एक शब्दही कळत नसताना, तिचे वाचन थांबेपर्यंत ऐकत राहिले. आपल्या सासूबाईंना तेथे सावलीत बसवावे व वाचायला लावावे, असे मी अगदी मनापासून सुचवते.

दुसरा दिवस राजवाड्यासाठी ठेवावा. तेथील कलादालनात चोळांच्या काळातील धातुमूर्ती आहेत आणि त्या सगळ्या पाहण्याचा अट्टाहास केला तर अर्ध्या तासात डोळे थकतात, म्हणून एकाच मूर्तीसमोर सर्वांनी थांबावे : तिरुवेण्काडूहून आलेला, १०११ च्या सुमाराचा वृषभवाहन शिव. तो सहज एका अंगावर रेलून उभा आहे, पाय एकमेकांवर आले आहेत, डोक्याला जटांचे मुंडासे आहे आणि उजवा हात कोपरात वाकून नंदीच्या पाठीवर विसावला आहे. पण नंदीच तेथे नाही, तो काळाच्या ओघात हरवला. हात हवेत आहे आणि तरीही तो टेकलेला दिसतो. आम्ही त्या मूर्तीसमोर उभे असताना माझी पुतणी म्हणाली, “काकू, नंदी आहे, फक्त आपल्याला दिसत नाही.” धातूच्या मूर्तीत वजन कसे दाखवतात, हे मला त्या क्षणी जेवढे कळले तेवढे पुस्तकातून कळले नव्हते.

तिसऱ्या दिवशी कुंभकोणमकडे निघावे. जवळच्या दारासुरम येथील ऐरावतेश्वराचे देऊळ लहान, मोकळे आणि मुलांना रमवणारे आहे, कारण त्याचा मंडप घोडे व चाके जोडलेल्या रथासारखा घडवला आहे. मात्र खरा वेळ स्वामिमलै येथे द्यावा. तेथील स्थपती, म्हणजे मूर्तिकार, आजही मेणावरून धातूच्या मूर्ती ओततात. आधी नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापतात आणि तिला घड्या घालून चेहरा, छाती, कंबर यांची मापे ठरवतात. मग मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून पूर्ण मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीकाठच्या मऊ गाळाचे लेप देतात, भट्टीत मेण वितळवून बाहेर काढतात आणि त्या पोकळीत तापलेला धातू ओततात. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो, म्हणून तीच मूर्ती पुन्हा होत नाही. आधी विचारून गेल्यास कारागीर काम पाहू देतात. मात्र आठ-दहा जणांनी एकदम आत शिरू नये, तिघे-चौघे असे पाळीपाळीने जावे. तोवर बाकीच्यांनी कुंभकोणमची डिग्री कॉफी घ्यावी. ती पितळी डबरा-पेल्यात, म्हणजे खोलगट वाटीत ठेवलेल्या पेल्यात, येते आणि मोठ्यांचा थकवा खरोखर घालवते.

जानेवारी निवडलात हे उत्तम झाले, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. पौष वद्य पंचमी आपल्या दिवसांत येत असेल, तर तंजावरहून साधारण १३ किलोमीटरवरच्या तिरुवैयारूला जावे. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी त्या सकाळी शेकडो गायक-वादक मांडी घालून एकत्र त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच प्रसिद्ध रचना, गातात. तेथे आपण फक्त ऐकायचे असते.

प्रश्न : तंजावर चित्र घ्यायचे आहे, पण दुकानदार सांगतो ते सोने खरे की खोटे हे कसे ओळखावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : मी स्वतः एकदा फसले आहे. एका दुकानातून मोठ्या हौसेने घेतलेल्या बाळकृष्णाच्या प्रभावळीवरचा मुलामा तीन वर्षांत काळवंडला, तेव्हा तो सोन्याचा वर्ख नव्हता हे कळले. खरा वर्ख असा काळा पडत नाही. पण दुकानात उभे असताना तीन वर्षे पुढचे दिसत नाही, त्यामुळे चित्र दुकानात न पाहता जेथे ते घडते तेथे पाहावे, हाच त्यावरचा उपाय आहे.

फणसाच्या लाकडाच्या किंवा आता बहुधा प्लायवूडच्या फळीवर कापड चिकटवतात व त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप देऊन ते गुळगुळीत करतात. दागिने, महिरप, खांब यांसाठी तेच मिश्रण दाट करून, ब्रशच्या टोकावर घेऊन, थेंबाथेंबाने एकावर एक ठेवत उठाव आणतात. मी पाहिलेल्या कारागीर बाई एका हाराचे मणी असे ठेवत होत्या आणि प्रत्येक थेंब ठेवताना श्वास रोखत होत्या. उठाव वाळल्यावर काचेचे खडे बसवतात, मग वर्ख चिकटवून तो मऊ ब्रशने खोलगट जागेत दाबतात आणि रंग अगदी शेवटी येतात. म्हणून चित्र तिरपे धरून उठावाच्या कडा पाहाव्यात : हाताच्या कामात एक मणी दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो, तर साच्यातल्या कामात सगळे सारखे असतात. वर्ख किती कॅरटचा आहे ते पावतीवर लिहून मागावे आणि लिहून देण्यास कोणी टाळाटाळ केली तर उठून यावे. मोठ्या स्वस्त चित्रापेक्षा वीतभर आकाराचे चांगले चित्र घ्यावे.

प्रश्न : मी मोडी लिपी शिकलो आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पर्यटकाला मोडी कागद पाहता येतात का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ग्रंथालयात ४०,००० हून अधिक हस्तलिखिते आहेत आणि मराठा दरबाराचे मोडी कागदही मोठ्या संख्येने आहेत, परंतु पर्यटकासाठी खुले असते ते ग्रंथालयाचे छोटे संग्रहालय. मूळ कागद हाताळायचे असतील तर अभ्यासाचा हेतू लिहून आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. आपण केवळ पाहण्यासाठी जात असाल, तरी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार विचारूनच दिवस ठरवावा. एक गोष्ट मात्र अवश्य करावी : तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी भाषक कुटुंबे आहेत आणि त्यांच्या बोलण्यात तमिळच्या वळणाबरोबर आपल्याकडे मागे पडलेले शब्दही ऐकू येतात. ओळख निघाली तर त्यांच्याशी हिंदी-इंग्रजीत न बोलता सावकाश मराठीत बोलावे, त्यांचे शब्द दुरुस्त करू नयेत आणि जवळ वही ठेवावी.