शाळेच्या हॉलचा साउंड: आधी टाळी वाजवून बघा

हॉलसाठी साउंड किती वॅटचा घ्यायचा, हे सध्या राहू द्या. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी असेल तर ती घुमतच राहील. तिथे आवाज वाढवला की शब्द आणखी कालवले जातात. मागच्या भिंतीला जाड पडदे लावा, फरक जाणवेल.

मग दोनच गोष्टी:
- स्पीकर माइकच्या पुढे, उंचावर, तोंड प्रेक्षकांकडे किंचित झुकलेलं.
- माइक तोंडापासून चार बोटं. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, मग ऑपरेटर व्हॉल्यूम चढवतो, स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू!

मी पहिल्यांदा स्पीकर स्टेजच्या मागच्या भिंतीवर टांगले होते. स्नेहसंमेलनात बाई ‘नमस्कार’ म्हणाल्या, पुढचं भाषण शिट्टीनेच केलं.

इक्वलायझर (जाड-बारीक आवाजाचा तोल), डिले (आवाज किंचित उशिरा सोडणं) वगैरे नंतर बघू.