वयात येण्याच्या (लहानपणातून मोठे होण्याच्या) कथेतली प्रत्येक वस्तू प्रतीक मानावी का?

मुळीच नाही. माझ्या मते, जिच्याकडे पाहण्याची नायकाची नजर कथेच्या ओघात बदलते, तीच वस्तू प्रतीक ठरते. जेम्स जॉइस यांच्या ‘डब्लिनर्स’ (१९१४) या संग्रहातील ‘अरेबी’ कथेत ज्या बाजाराच्या नावानेच मुलगा भारावलेला असतो, तिथे तो रात्री उशिरा पोहोचतो तेव्हा बहुतेक दुकाने मिटलेली असतात, आणि काहीही न घेता, खिशातली नाणी एकमेकांवर पडू देत तो तिथून काढता पाय घेतो.

आपल्या नाशिकचेच उदाहरण घ्यायचे, तर गोदावरीच्या पुराचा अंदाज नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून (ती किती बुडाली यावरून) बांधला जातो. मूर्ती बुडू लागली की टाळ्या पिटणारा मुलगा, सराफ बाजारातल्या वडिलांच्या दुकानात पाणी शिरण्याची वेळ येते त्या वर्षी तीच मूर्ती पाहून मुकाट्याने माल माळ्यावर चढवू लागला, तर मारुती त्या कथेचे प्रतीक झाला. दारातली छत्री मात्र छत्रीच राहिली (परीक्षेत तिच्यावरही पानभर लिहिले जाते, ते सोडा). म्हणून एखादी वस्तू प्रतीक आहे का हे ठरवायला ती पहिल्यांदा आणि शेवटी येते ती वाक्ये शेजारी ठेवून त्यांतली क्रियापदे ताडून पाहावीत.