सुया, काढे आणि पाळीचं दुखणं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न अ‍ॅक्युपंक्चर आणि चिनी वनौषधींबद्दलचे आहेत. काही पत्रांत दुखणं कमी व्हावं अशी अपेक्षा आहे, तर काहींत ‘हार्मोन सुधारावेत’ अशी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी येतात.

वय २३. पाळीच्या पहिल्या दोन दिवशी अंथरुणातून उठवत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आहे. गोळ्या घ्यायच्या नाहीत म्हणून अ‍ॅक्युपंक्चरचा विचार आहे. सुया कुठे टोचतात, किती सिटिंग लागतात, खरंच फरक पडतो का? (एक वाचक, नाशिक)

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळ येते. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी ही द्रव्यं तयार होण्यालाच आळा घालते. सुईची वाट वेगळी आहे. तिचा परिणाम मुख्यतः वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचण्याच्या मार्गावर होतो आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं. म्हणून आमच्या मते सुई आणि गोळी यांतलं एकच निवडायची सक्ती स्वतःवर करून घेऊ नका.

फरक पडतो का? कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये पाळीच्या दुखण्यावरच्या ४२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ४,६४० स्त्रिया होत्या. काहीच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा सुया घेणाऱ्यांना बरं वाटल्याचं दिसलं. पण खऱ्या सुयांची खोट्या सुयांशी (टोचल्याचा नुसता भास किंवा भलत्याच जागी टोचणं) तुलना करणाऱ्या चाचण्या इतक्या कच्च्या होत्या की ठाम निष्कर्ष काढता आला नाही. करून बघण्यात धोका कमी आहे. हमी मात्र कोणी देत असेल तर ती खोटी आहे.

सिटिंगचं वेळापत्रक ठरवण्यात सर्वांत जास्त चुका होतात. कळा ऐन भरात असताना पहिल्यांदा गेलात तर फारसा उपयोग होत नाही. पाळी अपेक्षित असेल त्याच्या साधारण आठवडाभर आधी सुरुवात करायची, आठवड्यात तीन सिटिंग, प्रत्येक २० ते ३० मिनिटांचं, आणि असं सलग तीन पाळ्या. महिन्यातून एकदा जाऊन ‘काही फरक नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

नेहमी वापरला जाणारा बिंदू म्हणजे एसपी-६, चिनी नाव सान्-यिन्-जिआओ. घोट्याच्या आतल्या हाडाच्या टोकापासून स्वतःची चार बोटं आडवी वर मोजा. नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला तो सापडतो. त्याशिवाय पोटरीच्या आतल्या अंगाला गुडघ्याखाली एसपी-८, बेंबीखाली चार बोटांवर सीव्ही-४ आणि कमरेखाली माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडातल्या दुसऱ्या छिद्रावर बीएल-३२. सुई खूप बारीक असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. टोचल्यावर तिथे जड, ठणकल्यासारखं किंवा पसरत जाणारं काहीतरी जाणवतं, ते अपेक्षितच आहे. विजेसारखी तीव्र चमक गेली तर लगेच सांगा, सुई थोडी मागे घ्यावी लागते. ओटीपोटावर सुया घ्यायच्या असतील तर आधी लघवीला जाऊन यायचं, कारण भरलेलं मूत्राशय वर येतं. उपाशीपोटी जायचं नाही आणि पहिलं सिटिंग आडवं पडूनच घ्यायचं. चक्कर येते ती बहुधा या दोन गोष्टी न पाळल्यामुळे.

एका वहीत रोजच्या दुखण्याला ० ते १० पैकी गुण द्या, किती गोळ्या लागल्या आणि कॉलेज किंवा काम किती दिवस बुडलं तेही लिहा. तिसऱ्या पाळीनंतर आकडे हलले नसतील तर थांबा. पुढच्या दहा सिटिंगचं पॅकेज घेऊ नका.

आता गोळ्यांबद्दल. मेफेनॅमिक अ‍ॅसिड सहसा सुरुवातीला ५०० मि.ग्रॅ. आणि मग दर सहा तासांनी २५० मि.ग्रॅ. असं, पोटात अन्न असताना, दोन-तीन दिवसच देतात. ती पहिल्या कळेलाच घ्यायची असते. दुपारपर्यंत सोसून मग घेतली तर प्रोस्टाग्लँडिन आधीच तयार झालेली असतात. ‘गोळीने काही होत नाही’ म्हणणाऱ्या अनेकींची अडचण वेळेची असते. अल्सर, किडनीचा आजार किंवा वेदनाशामकाने वाढणारा दमा असेल तर मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशननेही या औषधाच्या एका दुर्मीळ पण गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल सावध केलं होतं: अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. ओटीपोटावर सुमारे ३९-४० अंशांचा शेक हाही साधा आणि चांगला उपाय आहे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एन्डोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढणं) नाही असं होत नाही, वरवर पसरलेला आजार सोनोग्राफीत दिसत नाही. शौचाला किंवा शरीरसंबंधाच्या वेळी दुखत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हे स्पष्ट सांगा. एन्डोमेट्रिऑसिसच्या दुखण्यावर चीनमध्ये १०६ स्त्रियांची एक नीट आखलेली चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. १२ आठवडे सुया चालू असताना पाळीचं दुखणं कमी झालं, पण थांबवल्यावर परिणाम ओसरला. आजार जागचा हलत नाही, दुखणं तेवढं निभावतं.

मला पीसीओएस (अंडं नियमित न फुटण्याचा हार्मोनचा त्रास) आहे, वय २९, दोन वर्षं मूल हवंय. एका केंद्रात सांगितलं की गोळ्या बंद करा, तीन महिने सुयांनी अंडं आपोआप फुटेल. खरं आहे का? (पुणे)

गोळ्या बंद करू नका. याच प्रश्नावर चीनमध्येच १,००० स्त्रियांची चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या सुया, चार चक्रांपर्यंत. क्लोमिफेन या अंडं फुटायला मदत करणाऱ्या गोळीसोबत खऱ्या सुया घेणाऱ्यांत मूल जन्माला येण्याचं प्रमाण २९.४ टक्के, क्लोमिफेनसोबत खोट्या सुयांच्या गटात २८ टक्के. क्लोमिफेनऐवजी निष्प्रभ गोळी आणि खऱ्या सुया: १३.९ टक्के. निष्प्रभ गोळी आणि खोट्या सुया: १६.८ टक्के. म्हणजे फरक गोळीने पडला, सुईने नाही. सुयांची परंपरा ज्या देशाची, तिथल्याच तज्ज्ञांनी काढलेलं हे उत्तर आहे, म्हणून आम्ही त्याला जास्त वजन देतो.

पीसीओएसमध्ये अंडं फुटण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. अमेरिकेतल्या ७५० स्त्रियांच्या चाचणीत (२०१४) लेट्रोझोलने २७.५ टक्के तर क्लोमिफेनने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झालं. तुम्हाला क्लोमिफेन चालू असेल तर पुढच्या भेटीत हे जरूर विचारा. पाळी तीन महिन्यांपेक्षा जास्त लांबत असेल तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्यातून आजार उद्भवू शकतो. सुयांच्या भरवशावर तो काळ वाया घालवू नका.

आयव्हीएफबद्दलही (टेस्ट ट्यूब बेबी) दोघींनी विचारलं आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८४८ स्त्रियांत सुयांनी १८.३ आणि खोट्या सुयांनी १७.८ टक्के जणींना मूल झालं. मन शांत राहतं म्हणून करायचं असेल तर करा, यश वाढेल म्हणून पैसे खर्च करू नका.

सिंगापूरहून नणंदेने ‘तांग क्वेई’ असं लिहिलेल्या गोळ्यांची डबी पाठवली आहे. पाळीत गाठी पडतात, दुखतं. माझी हृदयाची झडप बदललेली आहे आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. वनस्पतीच आहे, मग घ्यायला हरकत नसावी ना? (कोल्हापूर)

ताई, ती डबी उघडू नका. तांग क्वेई (दांग ग्वे हे चिनी मूळ) घेतल्यावर वॉरफरिनचा परिणाम वाढून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढल्याची नोंद आहे. आयएनआर चढला की पाळीतला रक्तस्राव वाढणं ही त्यातली सौम्य गोष्ट, डोक्यातही रक्तस्राव होऊ शकतो. चार दिवस घेतल्या असतील तर आजच थांबवा, आयएनआर तपासा आणि डॉक्टरांना डबी दाखवा. आणि वॉरफरिन मनाने कमी-जास्त करू नका. तुमच्यासाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिडही नको. दुखण्यासाठी शेक, आणि जास्त जात असेल तर संप्रेरकयुक्त तांबीसारखे पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील.

इतर वाचकांसाठी थोडं विस्ताराने. चिनी वैद्यकात पाळीच्या तक्रारींवरचा पायाभूत काढा म्हणजे ‘सि वू तांग’, चार द्रव्यांचा काढा. सोंग राजवटीतल्या सरकारी औषधग्रंथात तो आहे. दांग ग्वे, च्वान श्योंग, बाय शाओ आणि वाफवलेलं दी ह्वांग, अशी चार मुळं. चिनी औषधकोशाप्रमाणे दांग ग्वेची रोजची मात्रा ६ ते १२ ग्रॅम, च्वान श्योंगची ३ ते १०, बाय शाओची ६ ते १५, दी ह्वांगची ९ ते १५ ग्रॅम. वैद्य प्रकृतीप्रमाणे त्यात भर घालतात. या भर घालायच्या द्रव्यांतली काही आपल्याला चांगलीच ओळखीची आहेत. ‘शियांग फू’ म्हणजे आपल्या शेतात हैराण करणारा लव्हाळा. ‘होंग ह्वा’ म्हणजे करडईच्या पाकळ्या. ‘गान त्साओ’ हा ज्येष्ठमधाचा भाऊबंद. त्यामुळे परकं काहीतरी म्हणून घाबरू नका, पण ओळखीचं म्हणून निर्धास्तही राहू नका: करडईच्या पाकळ्या गरोदरपणात टाळायच्या असतात, आणि ज्येष्ठमध रोज बरेच दिवस पोटात गेलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. पायात गोळे येणं, अशक्तपणा ही त्याची खूण. लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

परिणामाबद्दल: पाळीच्या दुखण्यावर चिनी वनौषधींच्या ३९ चाचण्या २००८ मध्ये कॉक्रेनने तपासल्या. निकाल आशादायक, पण चाचण्यांचा दर्जा खालचा. एन्डोमेट्रिऑसिससाठी तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेने पुराव्याचा आधार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे.

खरा धोका मात्र पुडीत काय आहे हे माहीत नसण्याचा आहे. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधांत ‘फांग जी’ या मुळाऐवजी नावाने जवळचं ‘ग्वांग फांग जी’ आलं. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड होतं. शंभराहून जास्त जणांच्या, बहुतेक स्त्रियांच्या, किडन्या खराब झाल्या आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. केस काळे राहावेत म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘हो शोउ वू’ने यकृताला इजा झाल्याच्याही अनेक नोंदी आहेत. भारतात आयुषच्या यादीत चिनी औषधपद्धती नाही, म्हणजे आयुर्वेदिक औषधासारखा परवाना त्या डबीला इथे नाही. घटकांची लॅटिन नावं, प्रत्येकाचं वजन आणि उत्पादन क्रमांक लेबलवर नसेल तर ती डबी कोणाच्याही पोटात जाऊ नये. आणि डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं किंवा अंगाला खाज सुटणं दिसलं तर त्याच दिवशी औषध बंद.

वय ५१. गरम वाफा आणि रात्री घाम. सुया की दांग ग्वे? (ठाणे)

दांग ग्वे नको: रोज ४.५ ग्रॅम प्रमाणे २४ आठवडे ७१ स्त्रियांवर तपासलं, निष्प्रभ गोळीपेक्षा फरक नव्हता. सुयांबाबत ऑस्ट्रेलियातली ३२७ स्त्रियांची चाचणी (२०१६) सांगते की खऱ्या आणि न टोचणाऱ्या खोट्या सुया, दोन्हींनी वाफा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. आराम खरा आहे, पण तो टोचण्यामुळेच येतो असं म्हणता येत नाही. सर्वांत परिणामकारक हार्मोन उपचारच. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर ते सहसा देत नाहीत, अशा वेळी बिनहार्मोनच्या गोळ्या आहेत.

स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल चालू आहे. सकाळी बोटं वळत नाहीत, गुडघे धरतात. गोळी सोडावीशी वाटते. (नागपूर)

इथे मात्र आम्ही सुयांची शिफारस मनापासून करतो. लेट्रोझोल इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन खाली आणते आणि सांधे त्यामुळेच धरतात. ते सोसवत नाही म्हणून अनेकजणी गोळी सोडतात आणि कर्करोग परतण्याचा धोका ओढवून घेतात. अमेरिकेतल्या २२६ स्त्रियांच्या चाचणीत (२०१८) आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, अशा १२ सिटिंगनंतर दुखण्याचे गुण खऱ्या सुयांनी २.०५ ने उतरले, खोट्या सुयांनी १.०७ ने. मग पुढचे सहा आठवडे आठवड्यातून एकदा. २०२२ मध्ये कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही आपल्या मार्गदर्शक सूचनांत या दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरचा समावेश केला.

जाण्याआधी कर्करोगतज्ज्ञांना कळवा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर सुया घेऊ नका आणि हे दर वेळी तोंडाने सांगा. दांग ग्वे असलेली कुठलीही गोळी पूर्ण वर्ज्य.

चांगला अ‍ॅक्युपंक्चर थेरपिस्ट कसा ओळखायचा? (सोलापूर)

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे आणि नोंदणी करणारी परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा, विचारण्यात संकोच नको. सीलबंद, एकदाच वापरायच्या सुया तुमच्यासमोर उघडल्या पाहिजेत आणि वापरून झाल्यावर पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात गेल्या पाहिजेत. काढताना सुया मोजतात का तेही बघा. खांद्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात सरळ खोल सुई नको, खाली फुप्फुस असतं. सिटिंगनंतर छातीत दुखून धाप लागली तर थेट इस्पितळ.

तुमच्या गावाच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं नाव अ‍ॅक्युपंक्चरशी जोडलं जातं, म्हणून एक खुलासा. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि तिथे त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. सुयांची विद्या शिकून १९५९ मध्ये ती भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी.

तिसरा महिना चालू आहे, मळमळ फार. कुठे दाबावं? (बेळगाव)

मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं कोपराच्या दिशेला, मधल्या दोन ताठ दोऱ्यांच्या मध्ये, अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा. दिवसातून चार-पाच वेळा चालेल. घोट्याजवळचा एसपी-६ आणि अंगठा-तर्जनीमधला एलआय-४ मात्र परंपरेने गरोदरपणात टाळतात, तिथे हात लावू नका. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर सलाइनची गरज असते. मनगट दाबत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.